हे खरे आहे काय?

विधिमंडळाचे अधिवेशन चालू असताना सदस्यांच्या हाती पडणारी तारांकित प्रश्नांची छापील यादी ज्याने एकदा तरी सवडीने वाचली असेल, त्याच्या ध्यानात तिची ठरीव घडण आल्यावाचून राहत नाही. अमुक तालुक्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकाऱ्याचे पद दीर्घकाळ रिक्त आहे, हे खरे आहे काय. असल्यास, ते भरण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली आहे वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत, एवढाच तो मजकूर. पुढच्या पानावर आरोग्य केंद्राच्या जागी नादुरुस्त पूल येतो, त्याच्यापुढे रखडलेली नळपाणी योजना येते, आणखी पुढे शिपायांची संख्या अपुरी पडत असलेले एखादे पोलीस ठाणे येते. साचा मात्र बदलत नाही. उत्तरांचा साचाही तितकाच पक्का असतो: ‘होय’, ‘अंशतः खरे आहे’, ‘हे खरे नाही’, आणि पहिल्या भागाला नकार देऊन झाला की उरलेल्या सर्व भागांचा एकदमच निकाल लावणारे ‘प्रश्न उद्भवत नाही’ हे वाक्य.

या रूक्ष भाषेत वक्तृत्वाला वाव नाही. आणि तरीही लोकप्रतिनिधीने सरकारला भर सभेत प्रश्न विचारावा व सरकारने त्याला उत्तर द्यावे, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक जीवनात इतकी उशिरा आली आणि इतक्या तुटक हप्त्यांनी पदरात पडली, की तिचा इतिहास म्हणजे आपल्याकडील जबाबदार राज्यपद्धतीच्या वाढीचाच इतिहास होय, असे म्हणावयास हरकत नाही. विचारण्याचा अधिकार, मिळालेल्या उत्तरावर फिरून विचारण्याचा अधिकार, आणि दिलेल्या शब्दाला सरकारला बांधून घेण्याचा अधिकार, हे तीन निरनिराळे अधिकार असून त्यांतला पहिला १८९२ साली मिळाला, दुसरा १९०९ ते १९१९ या दशकात पुरा झाला, आणि तिसऱ्याची व्यवस्था लावावयास स्वराज्य येऊन सहा वर्षे जावी लागली. प्रत्येक वेळी आधीचा अधिकार वापरून पाहिल्यावर तो कोठे तोकडा पडतो हे कळले, आणि त्या तोकडेपणातूनच पुढच्याची मागणी जन्मास आली.

प्रश्न विचारण्याची सनदशीर वाटच नसते तेव्हा काय घडते, याचा दाखला शोधावयास महाराष्ट्राला दूर जावे लागत नाही. पेशवाईच्या उत्तरार्धात पुणे शहराचा बंदोबस्त कोतवालाकडे असे, आणि नाना फडणविसांच्या कारकिर्दीत त्या जागेवर आलेल्या घाशीरामाच्या हाती गस्त, चौक्या, अटक आणि शिक्षा यांच्या निमित्ताने जो अधिकार एकवटला होता, त्याचा हिशेब मागणारी कोणतीही सभा वा पंचायत शहरात नव्हती. १७९१ च्या ऑगस्ट महिन्यात त्याच्या हुकमावरून कोंदट जागेत कोंडलेल्या तेलंगी ब्राह्मणांपैकी वीसहून अधिक माणसे गुदमरून मेली, तेव्हा शहर खवळून उठले; जमावाने न्यायाचा तगादा लावला, कोतवाल लोकांच्या हवाली झाला आणि दगडांनी ठेचून मारला गेला. या प्रकरणात न्याय झाला असे कोणाला वाटेल, सूड उगवला गेला असे कोणाला वाटेल. परंतु किती माणसे कोंडली, कोणाच्या हुकमाने कोंडली, दार रात्रभर का उघडले नाही, हे साधे प्रश्न माणसे जिवंत असताना विचारता येण्याजोगी जागा शहरात कोठेही नव्हती, हे दोघांनाही मान्य करावे लागेल.

त्या काळी रयतेच्या हाती होता तो अर्ज. अर्ज हा विनंतीचा प्रकार. तो एकट्याने करावयाचा, धन्याच्या कृपेवर भिस्त ठेवून करावयाचा, आणि त्याचे उत्तर द्यावयाचे की तो दप्तरात दडपून ठेवावयाचा, हे सर्वस्वी हुजुरांच्या मर्जीवर असे. कंपनी सरकारच्या अमदानीत अर्जाचे रूप बदलले, तरी स्वभाव फारसा बदलला नाही. १८५२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत स्थापन झालेल्या बाँबे असोसिएशनने कंपनीच्या सनदेचे नूतनीकरण व्हावयाच्या सुमारास थेट विलायतेच्या पार्लमेंटकडे अर्ज धाडला, त्यात कारभारातील दोष निर्भीडपणे मांडले. पण ते मांडणारी माणसे मुंबईत आणि त्यांवर विचार करणारी सभा समुद्रापलीकडे, असा तो व्यवहार होता.

अर्जापासून प्रश्नाकडे जाणाऱ्या वाटेवरचा खरा टप्पा पुण्याच्या सार्वजनिक सभेचा. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या या सभेत गणेश वासुदेव जोशी यांनी एक असा नियम आणला, की ज्याचे महत्त्व त्या वेळच्या राज्यकर्त्यांनाही चटकन उमगले नसावे: सभासद होऊ इच्छिणाऱ्याने लोकांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावयाचे. मतदानाचा कायदा नसलेल्या देशात मुखत्यारपत्राच्या आधाराने प्रतिनिधी उभा करण्याची ही युक्ती होती. त्याहूनही मोलाची गोष्ट ही, की सभेने तक्रारीपेक्षा माहितीवर भर दिला. १८७६–७७ च्या दुष्काळात सभेची माणसे जिल्ह्याजिल्ह्यांतून पिकांची, गुरांची, मजुरीच्या दरांची व मदतकामांची हकिगत गोळा करून धाडीत, आणि ती एकत्र करून सभा सरकारकडे खलित्यांवर खलिते रवाना करी. सरकारी अहवाल व रयतेचा अनुभव समोरासमोर ठेवण्याची ही पहिली पद्धतशीर तालीम; पुढे कौन्सिलात प्रश्न विचारणाऱ्यांची बैठक याच तालमीत तयार झाली.

मग कौन्सिले होती ती काय करीत होती? या ठिकाणी इतिहासाने मोठा चमत्कारिक वळसा घेतलेला आढळतो. १८५३ च्या सनदी कायद्याने कलकत्त्यास कायदे करणारे जे कौन्सिल निर्माण झाले, त्यात बहुतेक सारे सरकारी अधिकारीच असताही त्यांनी कार्यकारी सरकारला प्रश्न विचारण्याची व कागदपत्रे मागण्याची प्रथा पाडली. कायदे करणारी सभा छोट्या पार्लमेंटचा थाट आणू पाहते, हे विलायतेच्या अधिकाऱ्यांना रुचले नाही. आणि १८६१ च्या कायद्याने कौन्सिलांचे कार्य समोर आलेल्या विधेयकापुरते काटेकोर आखून टाकण्यात आले. मुंबईच्या कायदेकौन्सिलाची पहिली बैठक २२ जानेवारी १८६२ रोजी टाउन हॉलमध्ये भरली, जगन्नाथ शंकरशेटांसारखे मातब्बर गृहस्थ तिचे सभासद होते, पुढे न्यायमूर्ती रानडे, तेलंग, दादाभाई यांच्यासारखे विद्वानही त्या खुर्च्यांवर बसले. परंतु शहरात देवीची साथ आहे की नाही, जिल्ह्यात दरोडे वाढले की घटले, हे सरकारला विचारण्याची मुभा त्यांतील एकालाही नव्हती. तीस वर्षे आपल्याकडील सर्वांत बुद्धिमान माणसे त्या सभागृहात मुकी बसली होती, असे म्हटल्यास ते फारसे अतिशयोक्तीचे होणार नाही.

खुद्द इंग्लंडात प्रश्नाची प्रथा त्याआधी दीडशे वर्षांची जुनी झाली होती. १७२१ च्या फेब्रुवारीत उमरावांच्या सभेत अर्ल कौपर यांनी साउथ सी कंपनीचा दिवाळखोर कारभार उघडकीस येताच देशाबाहेर पळालेल्या रोखपालाविषयी सरकारला विचारणा केली, तो तेथील नोंदलेला पहिला प्रश्न मानतात. लोकांचा पैसा कोठे गेला आणि गुन्हेगार सापडला काय, या दोन चिंतांतून ही संस्था उपजली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे. कारण तिचे पुढील सारे आयुष्य याच दोन चिंतांभोवती फिरले आहे.

हिंदुस्थानात हा अधिकार १८९२ च्या कौन्सिल कायद्याने आला. पण तो देताना राज्यकर्त्यांनी त्याच्या हातापायांत घालता येतील तेवढ्या बेड्या घातल्या. प्रश्न केवळ माहिती मागणारा असावा. त्यात युक्तिवाद नसावा, कल्पित प्रसंग नसावा, कोणाची बदनामी नसावी. काही दिवस आधी त्याची लेखी सूचना द्यावी. अध्यक्षांस वाटल्यास त्यांनी तो नामंजूर करावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, मिळालेल्या उत्तरावर चर्चा करू नये. वरिष्ठ कायदेकौन्सिलात या अधिकाराखाली पहिला प्रश्न १६ फेब्रुवारी १८९३ रोजी विचारला गेला, तो भिंग्याच्या राजांनी; आणि त्याचा विषय होता अंमलदारांची स्वारी फिरतीवर निघाली असता त्यांच्या छावण्यांना शिधासामग्री पुरविताना खेडेगावच्या दुकानदारांना सोसावा लागणारा जाच. ज्याने आपल्याकडच्या मामलेदाराच्या मुक्कामाच्या कथा वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकल्या असतील, सरबराईच्या नावाखाली उचललेली कोंबडी, जळण, कडबा आणि दूध यांचे पैसे कधी मिळत व कधी मिळत नसत हे ज्याला ठाऊक असेल, त्याला या पहिल्या प्रश्नाची निवड किती मार्मिक होती हे सांगावयास नको. एका राजाने साम्राज्याच्या सर्वोच्च सभेत उठून खेड्यातल्या वाण्याचा हिशेब विचारला. साम्राज्याच्या सुरक्षिततेची चिंता तिथे नेहमीच होत असे. साम्राज्याच्या नोकरांपासून गरिबाच्या दुकानाच्या सुरक्षिततेची चिंता तिथे प्रथमच उच्चारली गेली.

त्या बेड्यांचा परिणाम मात्र बेड्या घालणाऱ्यांच्या अपेक्षेप्रमाणे झाला नाही. युक्तिवाद वर्ज्य, विशेषणे वर्ज्य, आरोप वर्ज्य, असे झाल्यावर सभासदाच्या हाती वस्तुस्थितीखेरीज काही उरले नाही, आणि वस्तुस्थिती हीच सरकारला सर्वांत अडचणीची चीज होती. कडक भाषण झाले तर सरकारी सभासद त्याला तितकेच कडक उत्तर देऊन मोकळे होत. परंतु अमुक तारखेस अमुक गावी अमुक घडले, हे खरे काय, या विचारणेवर एक तर हो म्हणावे लागे किंवा नाही म्हणावे लागे, आणि दोन्ही उत्तरे छापली जात. खोटे नाही म्हणावे तर पुढे उघडे पडण्याची धास्ती, खरे हो म्हणावे तर आजच पंचाईत. अशा कात्रीत सरकारला धरण्याचे जे साधन मिळाले, ते सरकारनेच घातलेल्या नियमांनी धार लावून दिलेले होते. आजही आपला छापील प्रश्न ‘हे खरे आहे काय’ याच खुंटीवर टांगलेला असतो, यामागे हा इतिहास आहे.

तथापि केवळ एकदा विचारून थांबावयाचे, या अटीची मर्यादा महाराष्ट्राने १८९६–९७ या दोन वर्षांत कडवटपणे अनुभवली. लोकमान्य टिळक १८९५ मध्ये मुंबईच्या कायदेकौन्सिलात निवडून गेले होते, आणि त्यांच्या सभासदत्वाच्या काळातच दुष्काळ व प्लेग ही दोन संकटे हातात हात घालून आली. दुष्काळाच्या सरकारी संहितेत रयतेला कोणत्या सवलती लिहिल्या आहेत हे सार्वजनिक सभेच्या कार्यकर्त्यांनी खेडोपाडी जाऊन सांगावयास आरंभ केला, तेव्हा सरकारने १८९७ मध्ये असे जाहीर केले की यापुढे या सभेची निवेदने विचारात घेतली जाणार नाहीत. म्हणजे कौन्सिलाबाहेर विचारण्याची वाट बंद, आणि कौन्सिलात विचारले तर एका उत्तराने तोंड बंद. पाठोपाठ पुण्यात प्लेगच्या बंदोबस्तासाठी आलेल्या रँड यांच्या समितीने गोऱ्या सोल्जरांकडून घरे तपासविली. आरोग्यरक्षणासाठी योजलेला उपाय लोकांना आरोग्याइतक्याच प्रिय असलेल्या घराच्या व स्त्रियांच्या मर्यादेवर घाला वाटू लागला. २२ जूनच्या रात्री रँड यांच्यावर गोळी झाडली गेली. शहरावर जादा पोलीस बसवून त्यांचा खर्च रहिवाशांच्या माथी मारण्यात आला. नातू बंधूंना १८२७ च्या एका जुन्या नियमाखाली चौकशीवाचून अटकेत टाकले. आणि कौन्सिलावर नुकतीच फेरनिवड झालेल्या टिळकांनाही २७ जुलै रोजी राजद्रोहाच्या आरोपाखाली पकडण्यात आले. सार्वजनिक सेवा आणि सार्वजनिक सुरक्षितता या दोन गोष्टी परस्परांपासून अलग काढता येत नाहीत, दवाखाना आणि चौकी एकाच रस्त्यावर असतात, हे त्या एका वर्षाने जितके स्पष्ट शिकविले तितके क्वचितच दुसऱ्या कोणत्या वर्षाने शिकविले असेल.

१९०९ च्या सुधारणांनी मूळ प्रश्नकर्त्याला उत्तरावर उपप्रश्न विचारण्याची मुभा दिली, आणि १९१९ नंतर ती सभागृहातील कोणाही सभासदाला मिळाली. वरवर पाहता ही किरकोळ सुधारणा वाटते. वस्तुतः मूळ प्रश्नाहून तिचेच सामर्थ्य अधिक आहे. मूळ प्रश्नाचे उत्तर खात्यातील कारकुनाने लिहिलेले, वरिष्ठांनी तपासलेले आणि आठवडाभर घासूनपुसून गुळगुळीत केलेले असते. उपप्रश्न पूर्वसूचनेशिवाय येतो, आणि त्याला उत्तर देताना विषय आपल्याला खरोखर किती कळला आहे हे उत्तर देणाऱ्याला लपविता येत नाही. कागदाला विचारलेला प्रश्न संपून माणसाला विचारलेला प्रश्न येथून सुरू होतो.

१९१९ च्या कायद्याने आणखी एक गोष्ट केली, तिचा आपल्या विषयाशी निकटचा संबंध आहे. प्रांताच्या कारभाराचे त्याने दोन भाग पाडले: शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य यांसारखी खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे सोपविली, आणि पोलीस, न्याय, जमीनमहसूल यांसारखी खाती गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाकडे राखून ठेवली. शाळा, दवाखाने व नगरपालिका लोकांच्या माणसांकडे, दंडुका व बेडी सरकारच्या माणसांकडे, अशी ती वाटणी होती. मंत्र्याचा पगार तोडता येई, त्याला पायउतार करता येई. राखीव खात्यांची रक्कम सभागृहाने नामंजूर केली तरी गव्हर्नर आपल्या अधिकारात ती कायम करी. अशा स्थितीत पोलिसांविषयी लोकप्रतिनिधीच्या हाती प्रश्नाखेरीज खात्रीचे दुसरे शस्त्र नव्हते. गोळीबार कोठे झाला, किती फैरी झाडल्या, हुकूम कोणी दिला, जखमींना दवाखान्यात केव्हा नेले, याची उत्तरे मिळविणे म्हणजे सत्तेत वाटा मिळविणे नव्हे. पण सत्तेला साक्षीदार उभा करणे होते.

मात्र सरकारने होकार दिला, फर्मान सुटले, म्हणजे काम झाले असे मानणाऱ्यांचा भ्रम दूर करणारी घटनाही याच काळातली, आणि ती महाराष्ट्राच्या भूमीवरची आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेकौन्सिलात ठराव मांडला, की सार्वजनिक पैशातून बांधलेले व चालविले जाणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानल्या गेलेल्या वर्गांना खुले असावेत. ठराव संमत झाला. ११ सप्टेंबर रोजी सरकारने खातेप्रमुखांस त्याप्रमाणे आज्ञाही दिली. महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदोपत्री सर्व यथास्थित झाले होते, आणि तळ्याचे पाणी मात्र ज्यांच्यासाठी ते खुले केले त्यांच्यापासून पूर्वीइतकेच दूर होते. बोल्यांनी तीन वर्षांनी, ५ ऑगस्ट १९२६ रोजी, पुन्हा ठराव आणला: जी नगरपालिका वा लोकलबोर्डे पहिला ठराव अमलात आणणार नाहीत त्यांचे सरकारी अनुदान रोखावे. पहिल्या ठरावात तत्त्व होते, दुसऱ्यात अंमलबजावणीची गुरुकिल्ली होती. आणि या दोहोंमधील तीन वर्षांचे अंतर म्हणजे सभागृहात मिळालेला होकार आणि पाणवठ्यावर पडणारे पाऊल यांमधील अंतराचे मोजमाप होय.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या कौन्सिलात १९२७ च्या फेब्रुवारीत आसन घेतले, आणि पुढच्याच महिन्यात, १९ व २० मार्चला, महाडची परिषद झाली. सभागृहाने दिलेला शब्द स्वतःच्या ओंजळीने तपासून पाहण्यासाठी हजारो माणसे तळ्यावर गेली, पाणी प्याली, आणि परतताना शहरात त्यांच्यावर हल्ले झाले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. प्रकरण कोर्टात गेले. आणि मुंबई उच्च न्यायालयाचा अनुकूल निकाल लागावयास १९३७ चा मार्च उजाडला. बोल्यांच्या ठरावापासून त्या निकालापर्यंत चौदा वर्षे लोटली. सार्वजनिक सेवा कायद्याने खुली असणे आणि ती मारहाणीच्या भयावाचून वापरता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरीची हमी नसेल तर पहिली कागदावरच राहते, हा धडा सभागृहाने पढविला नाही, तो महाडच्या रस्त्याने पढविला.

१९३७ मध्ये प्रांतिक स्वायत्तता आली, बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ अधिकारारूढ झाले, आणि भूमिका उलटल्या. कालपर्यंत जी माणसे पोलिसी अत्याचाराविषयी प्रश्न विचारीत होती किंवा तुरुंगात बसून असे प्रश्न विचारले जाण्याची वाट पाहत होती, तीच आता सरकारी बाकावरून उत्तरे देऊ लागली. आणि ७ नोव्हेंबर १९३८ च्या गिरणी कामगारांच्या संपात गोळी चालली, तेव्हा आंबेडकरांसारख्या विरोधकांनी विचारलेल्या जाबाचे ओझे किती असते हे त्यांनाही कळले. ज्याने विचारले त्यालाच एक दिवस उत्तर द्यावे लागावे, यापरते प्रश्नसंस्थेचे दुसरे शिक्षण नाही. त्या विधानसभेचे अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर. मूळचे रत्नागिरीकडच्या घराण्यातले आणि कर्तृत्वाने अहमदाबादचे झालेले हे गृहस्थ पुढे १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झाले, आणि प्रश्नाच्या तासाला आज जी शिस्त आहे तिच्यावर त्यांच्या हातची मुद्रा उमटलेली आहे.

मावळंकरांच्या अध्यक्षपदाखालीच या संस्थेच्या दोन कसोट्या लागल्या. पहिली विचारणाऱ्याची. १९५१ मध्ये मुंबईचे एक सदस्य मुदगल यांनी बाँबे बुलियन असोसिएशनकडून पैसे घेऊन तिच्या हिताचे प्रश्न हंगामी संसदेत विचारल्याचे उघड झाले, टी. टी. कृष्णमाचारी यांच्या समितीने चौकशी करून त्यांना दोषी ठरविले, आणि बडतर्फीचा ठराव पुढे येताच त्यांनी राजीनामा दिला. गरिबाच्या दुकानापासून सुरू झालेला प्रश्न श्रीमंताच्या पेढीला विकला जाऊ शकतो, हे प्रजासत्ताकाच्या दुसऱ्याच वर्षी दिसून आले. दुसरी कसोटी उत्तर देणाऱ्याची. ‘विचार करू’, ‘चौकशी करू’, ‘लवकरच योग्य ती तजवीज होईल’, असे सांगून मंत्री खाली बसतात आणि पुढे त्या शब्दाचे काय झाले याची वार्ता कोणी ठेवीत नाही, ही तक्रार जुनीच होती; १ डिसेंबर १९५३ रोजी लोकसभेची आश्वासन समिती स्थापन झाली, आणि मंत्र्याने सभागृहात दिलेला शब्द नोंदवहीत उतरवून तो पुरा होईपर्यंत त्याचा पाठपुरावा करण्याची व्यवस्था झाली. आपल्या राज्याच्या विधिमंडळातही अशी समिती आहे. बोल्यांना जे तीन वर्षांनी दुसरा ठराव आणून करावे लागले, त्याला येथे कायमची यंत्रणा लाभली.

या यंत्रणेचा प्रभाव सर्वत्र सारखा पडला असे मात्र नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात १९५६ च्या जानेवारीत मुंबईत झालेल्या गोळीबाराची न्यायालयीन चौकशी व्हावी, ही मागणी सरकारने मानली नाही. चिंतामणराव देशमुखांनी त्याच वर्षी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा देताना या नकारावर लोकसभेत उघड बोट ठेवले. उलट १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने मुंध्रा यांच्या कंपन्यांत गुंतविलेल्या सव्वा कोटीच्या आसपासच्या रकमेविषयी प्रश्न निघाला, फिरोझ गांधींनी त्याचा पिच्छा पुरविला, मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या आयोगाने उघड चौकशी केली, आणि अर्थमंत्र्यांना जावे लागले. ते अर्थमंत्री म्हणजे सहा वर्षांपूर्वी मुदगल यांची चौकशी करणारे कृष्णमाचारीच. पैशाविषयीच्या प्रश्नाने मंत्री गेला, प्राणहानीविषयीच्या प्रश्नाला चौकशीही मिळाली नाही. या दोन घटना शेजारी ठेवून वाचल्या म्हणजे सुरक्षिततेविषयीचा प्रश्न सर्व प्रश्नांत अवघड का, हे ध्यानात येते. पैशाचा हिशेब वहीत असतो आणि वही पाहता येते; गोळी झाडण्याच्या क्षणी काय घडले, त्याची वही झाडणाऱ्याच्याच ताब्यात असते.

मुंबईत रीगल चित्रपटगृहासमोर जी जुनी दगडी इमारत उभी आहे, ती स्टीव्हन्स या वास्तुशिल्पज्ञाने खलाशांच्या वसतिगृहासाठी उभारली. १९२८ पासून ती विधिमंडळाचे सभागृह झाली, आणि १९८१ मध्ये नरिमन पॉइंटच्या नव्या विधानभवनाचे उद्घाटन झाल्यावर ती राज्याच्या पोलीस मुख्यालयाकडे गेली. पोलिसांविषयी अर्धशतक जेथे प्रश्न विचारले गेले, तेथूनच आता त्या प्रश्नांच्या उत्तरांचा मजकूर निघतो.

तो मजकूर कसा तयार होतो, हेही पाहण्यासारखे आहे. सदस्याची सूचना विधिमंडळ सचिवालयात दाखल होते. नियमांत बसते काय हे पाहून ती संबंधित खात्याकडे जाते. खाते जिल्हाधिकाऱ्याकडे वा पोलीस अधीक्षकाकडे विचारणा करते. तेथून ती तहसील कचेरीकडे, ठाण्याकडे, ग्रामपंचायतीकडे उतरते. आणि एरवी ज्या मोडक्या पुलाकडे वा बंद चौकीकडे कोणी वर्षभर फिरकले नसेल, तेथे दोन दिवसांत एखादा अधिकारी जाऊन उभा राहतो. मग अहवाल त्याच पायऱ्यांनी वर चढतो, प्रत्येक पायरीवर त्याला एक शेरा मिळतो, कक्ष अधिकारी मसुदा करतो, आणि अखेरीस मंत्र्यांच्या सहीने दोन ओळी छापल्या जातात. सभागृहात त्या वाचल्या न वाचल्या, प्रश्न पुकारला जाण्याआधीच तास संपला, तरी हा प्रवास घडलेला असतो. पुष्कळदा पूल दुरुस्त करण्याचा हुकूम उत्तराच्या आधी निघतो, तो ‘कार्यवाही करण्यात आली आहे’ असे लिहिता यावे म्हणूनच. या युक्तीला कोणी ढोंग म्हणतो. पण ज्यांना त्या पुलावरून मुलांना शाळेत धाडावयाचे आहे, त्यांना हुकूम कोणत्या हेतूने निघाला याच्याशी कर्तव्य नसते.

अशा रीतीने विचारण्याचा, फिरून विचारण्याचा आणि शब्दाला बांधून घेण्याचा, हे तिन्ही अधिकार आज आपल्यापाशी आहेत. त्यांचा कस मात्र सभागृहाच्या बाहेर ठरतो. उत्तर देणाऱ्यामागे अख्खे खाते उभे असते, त्याचे दप्तर असते, त्याचे मनुष्यबळ असते. विचारणाऱ्यापाशी असते ती गावाहून कोणीतरी लिहून पाठविलेली तारीख, ठिकाण आणि संख्या. ती पक्की असेल तर खात्याला हो म्हणावेच लागते; ती ऐकीव असेल तर ‘हे खरे नाही’ हे उत्तर खरेच ठरते, आणि खऱ्या तक्रारीचाही त्यात बळी जातो. सार्वजनिक सभेच्या ज्या माणसांनी दुष्काळात पायपीट करून पिकांची व मजुरीच्या दरांची टिपणे केली, त्यांच्यापाशी मतदानाचा हक्क नव्हता, सभागृह नव्हते, उपप्रश्न नव्हता. आपल्यापाशी हे सर्व असून दवाखान्याचे दार किती दिवस बंद राहिले, गस्तीची गाडी कोणत्या रात्री आली नाही, याची साधी नोंद जर गावात कोणी ठेवीत नसेल, तर सदस्याने विचारावयाचे तरी कशाच्या आधारावर?